शेवटच्या अवस्थेतला फुगवटा

बाई, तुमच्या शेवटच्या शोधनिबंधातली ती गोल, फुगीर तंतुकणिका खोटी आहे, आणि ती माझ्यामुळे झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे मी आत्ता लिहितेय.

ठाण्याच्या खाडीतून, ओहोटीला खांबांवरून खरवडून आणलेले, चुन्याच्या कवचात चिकटून राहणारे बार्नॅकल त्या दिवशी तुमच्या टेबलावर होते. कवच फोडून वृषणाचा कण सुईने सोडवताना माझा श्वास अडकलेला. "अगं, श्वास घे. त्यांना घाई नाहीये, तुलाच आहे," तुम्ही म्हणालात. पेशी आहे तशी टिकवणारं द्रावण मी सकाळीच बनवलं होतं. त्यात खाडीच्या पाण्याइतका खारटपणा हवा, नाहीतर पेशी, आतल्या तंतुकणिकेसकट, पाणी ओढून फुगते. नमुने त्यात टाकले आणि मग माझ्या लक्षात आलं, मीठ घालायचंच राहिलं. नेमकं तेव्हाच तुम्ही विचारलंत, "मीठ मोजून घातलंस ना?" मी म्हटलं, "हो बाई." आदल्याच आठवड्यात शुक्राणूची आकृती फार सुबक काढली म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर झापलं होतंत, "दिसतं तेवढंच काढ, शोभा नको." पुन्हा बोलणी खायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले ते तुम्ही थेट तुमच्या घरी स्वयंपाकघरात ओट्यावर मांडलेत. शुक्राणू दोऱ्यासारखा लांब, केंद्रक आणि शेपटीचा दांडा शेजारी शेजारी, सगळं पुस्तकात असतं तसंच. फक्त मागची, शेपटीला ऊर्जा देणारी तंतुकणिका लांबट असायची ती वाटाण्यासारखी गोल. दूध उतू गेलं तरी तुमचं लक्ष नाही. "बघ, आपल्या खाडीतल्या जातीत ही शुक्राणू घडण्याच्या शेवटच्या अवस्थेत गोल होते. कुणी पाहिलं नव्हतं गं हे!" मी ओटा पुसत राहिले. निबंधावर तुम्ही हट्टाने माझं नाव आधी घातलंत. त्याच निबंधावर मला डोंबिवलीच्या कॉलेजात नोकरी लागली.

आता माझ्याकडे एक मुलगी पीएचडी करतेय. दिव्याहून लोकलने येते, घरी पाण्याची बोंब, तरी वेळेच्या आधी हजर. विषय तोच, खाडी तीच. तिच्या फोटोंत तंतुकणिका लांबट येते, यायला हवी तशीच. पण माझ्या नावाचा निबंध गोल म्हणतो, म्हणून ती स्वतःलाच दोष देते. प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून झालीय, आता वाढणार नाही. घरचे म्हणतात, सोड आता, क्लासमध्ये शिकव.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उलट काही विचारणार नाही.

आज दुपारी ती चौथ्या खेपेचे फोटो घेऊन आली. "मॅडम, परत सेमच आलंय. माझंच काहीतरी चुकतंय ना?" मी फोटो बराच वेळ पाहिला. इतकी स्वच्छ पेशी मी माझ्या हाताने कधी टिपलेली नाही. "द्रावण बनवताना लक्ष देत जा," मी म्हटलं. तिचे डोळे भरले. "सॉरी मॅडम," ती म्हणाली.

आणि बाई, मी तिला म्हटलं, "असू दे, होतं कधी कधी."