डाव्या डोळ्यावरची रेघ

मुंबई,
१४ फेब्रुवारी १९९२

ती. दादांना विमलचा नमस्कार.

पत्र मिळालं. धर्मशाळेत खोली चांगली आहे, शाळेनं माझी रजाही वाढवली. काळजी नसावी, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

यांच्या नाकामागची गाठ कॅन्सरचीच निघाली. डॉक्टरांनी मला कॉम्प्युटरवर दाखवली. सीटी स्कॅनचे काप एकावर एक रचून यांचं अख्खं डोकं पडद्यावर उभं केलं होतं. गाठ लाल, डोळ्यांच्या शिरा पिवळ्या, गाठ जाळणाऱ्या किरणांच्या वाटा निळ्या. नुसत्या एक्स-रेवरून आखलं असतं तर दोन्ही डोळे किरणांत आले असते. डॉक्टर ते डोकं फिरवत राहिले, वाटा बदलत राहिले. शेवटी उजवा डोळा सुटला. डावा सुटेना. "तो हळूहळू जाईल," म्हणाले, "पण गाठ राहू दिली तर जीव जाईल."

मी संमतीच्या कागदावर सही केली. यांना मात्र सांगितलं, डोळ्यांना काही होत नाही. वालूरच्या दुकानात डाव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. कोणत्या तोंडानं सांगायचं होतं, दादा?

परवा यांनीच डॉक्टरांना म्हटलं, "मलाबी दाखवा की." पडद्याजवळ बसले, बराच वेळ पाहिलं आणि बोट ठेवलं. "ही निळी रेघ माझ्या डाव्या डोळ्यावरून जायलीय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "सही तू केलीस?"

"हो."

"मला इचारायचं होतं, विमल. डोळा माझा हाय."

मग दोन दिवस बोलले नाहीत. मला वाटलं, पिशवी उचलून गावी निघून जातील. पण आज सकाळी स्वतःहून आत गेले. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लॅस्टिकची जाळी घट्ट बसवतात. सगळे बाहेर येतात, जाड दार लागतं, आत माणूस एकटा. ती दहा मिनिटं मी दारावरच नजर ठेवून होते.

बाहेर आले तेव्हा कपाळावर जाळीचे वळ होते. बाकावर माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "तुझ्या दादाला लिव. मी लय भ्यालोय म्हणावं. ह्यो किरणांचा शेक संपेस्तोवर जवळ येऊन बसा म्हणावं."

बावीस वर्षांच्या संसारात हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मीही भ्याले आहे. ते त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

निघालात की तार करा.

तुमची,
धीर संपत आलेली बहीण
विमल