फ्लोमोसचं उरलेलं बी

आर्गिरिस,

शेळ्यांचं दूध काढून ठेवलंय, तापव. मी वरच्या गावी मावशीकडे चाललेय. न्यायला येऊ नकोस.

सकाळी घोंगड्या धुवायला डोहावर गेले होते. माशांची करंगळीएवढी पिल्लंसुद्धा पोट वर करून तरंगत होती. काठावर माझी बियांची पिशवी पडली होती, रिकामी. "ताई, फ्लोमोसचं सगळं बी दे, आईच्या थडग्याभोवती पेरतो," म्हणाला होतास ना? ते कुटून मासे गुंगवायला पाण्यात टाकलंस! आणि काल लिंबू पिळून मला वाढलेस, "गळाला लागले" म्हणालास. मी मेलीनं ते वाखाणून खाल्ले.

पिशवीच्या शिवणीत चिमूटभर बी अडकलं होतं, ते बशीत ठेवलंय. आता खरंच आईजवळ पेर. मातीत पुरू नकोस, त्याला उजेड लागतो. खडकाळ जमिनीवर भुरभुरव आणि तळहातानं दाब. खत नको, फार पाणी नको. पहिल्या वर्षी नुसती लोकरीसारखी पानं येतील. ती तण म्हणून उपटू नकोस, तुझा काही भरवसा नाही. पिवळी फुलं दुसऱ्या उन्हाळ्यात येतात.

त्या फुलांच्या तेलाची शेवटची बाटली फडताळात आहे. मिर्सिनीचा कान ठणकला की कोमट करून दोन थेंब घाल. नवी फुलं येईपर्यंत दोन हिवाळे पुरवायचीय. त्याआधी संपली आणि लेकीनं विचारलं, "बाबा, आत्या नवं तेल का करत नाही?" तर तिलाही गळाचीच गोष्ट सांग.

पोलिक्सेनी