तुझी रात्रपाळी, माझ्या पेशी

आई, रविवारी आप्पांनी मला एक प्रश्न विचारला. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतं आहे.

तू दवाखान्यात सिस्टर होतीस आणि कायम रात्रपाळी करायचीस, यात मला लहानपणी काही वेगळं वाटत नसे. सगळ्यांच्याच आया दिवसा डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपतात, अशी माझी समजूत होती. खिडकीला जुनी चादर ठोकलेली, बाहेर सोलापूरचं ऊन आणि शेजारच्या तेलुगू काकूंकडचा यंत्रमाग खडखडत असलेला. त्या आवाजात तुला गाढ झोप लागायची. वीज जाऊन माग थांबला की मात्र तू दचकून उठायचीस. एकदा सुट्टीच्या दिवशी तू इतकी निपचित पडली होतीस की मी तुझ्या नाकापुढे बोट धरलं. डोळे न उघडता तू म्हणालीस, "जिती हाय गं मी. जा, भाकरी खा जा." मी भाकरी खाते आहे आणि दाराच्या फटीतून तुझ्याकडे बघते आहे, ते अजून तसंच दिसतं.

तुझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी कॉलेजात होते. तू गेलीस, घरात आप्पा आणि मी, बापलेक उरलो आणि मी पेशींच्या अभ्यासाकडे वळले. आता मी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवते आणि त्यांना मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक देते. अंधार पडला की मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी ते तयार करते. रात्रभर उजेडात राहिलं की ते कमी पडतं. प्रत्येक पेशीत आरएनएचे बारीक तुकडे असतात. जनुकाकडून निघालेला निरोप ते वाटेतच अडवतात, मग त्या निरोपाचं प्रथिन होत नाही. मेलाटोनिन दिलं की यातले काही तुकडे वाढतात, काही घटतात, आणि कधी कधी कर्करोगाच्या पेशींची धावपळ मंदावते. हे असं का होतं, तेच मी शोधते आहे.

रविवारी आप्पा शेंगा फोडत बसले होते. तुझा विषय नव्हता, तरी अचानक म्हणाले, "तू त्या झोपंच्या औषधावरच काम करतीस न्हवं? मंग सांग की. तुजी आई रात्रपाळीनं गेली का?"

मी त्यांना पेशी, आरएनए, सगळं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "व्हय का न्हाय, तेवडंच सांग."

"आप्पा, रात्रपाळीनं धोका वाढत असावा, अशी शंका आहे. पण बशीतल्या पेशींवरून आईचं सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही."

ते पुन्हा शेंगा फोडायला लागले. मग म्हणाले, "मोठ्या सिस्टर तिला दिवसपाळी देत हुत्या. मीबी मागं लागलो. न्हाय म्हनली. पोरगी शाळंतनं येती तवा घरात मानूस पायजे, म्हनली."

हे मला माहीत नव्हतं, आई. मी त्यांच्याजवळ बसले आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या. माझं तोंड बघून ते म्हणाले, "तू कशाला रडतीस? तिला आज परत इचारलं तरी ती रात्रपाळीच घेईल. लई हट्टी हुती." आणि हसले. तुझ्याबद्दल बोलताना ते हसलेले मी कितीतरी दिवसांनी पाहिले.

आज पेशींना मेलाटोनिन देऊन घरी आले आणि हे लिहायला बसले. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते: काम मी चोख करते, आकडा येईल तो तसाच मांडते, पण आता प्रत्येक वेळी मला मनातून वाटतं, या रोगाशी मेलाटोनिनचा, म्हणजे माझ्यासाठी तू घेतलेल्या रात्रपाळीचा, काहीही संबंध नाही, असंच निघावं.