तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

नागपूरची चिठ्ठी तू कणगीत लपवलीस आणि वर चार दिवस माझ्याबरोबर घरभर शोधत फिरलीस. उंदरानं नेली असेल म्हणालीस. उतरंडीची गाडगी खाली काढलीस, अंथरुणं झटकलीस, माझ्याहून जास्त घाम तुला आला. एवढं सोंग कशाला, माय? नाही म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं होतं.

मी तुझी मधली. अमेरिकेतून लिहिते आहे, ट्रॉय नावाच्या गावातून, लेकाच्या स्वयंपाकघरात बसून. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, आता माझेही गुडघे तुझ्यासारखेच वाजतात. चौथीचं अक्षर आहे, वाकडं येईल. तुला तर तेवढंही येत नव्हतं, पण ती चिठ्ठी कशाची आहे ते तुला बरोबर कळलं होतं. मुलींच्या वसतिगृहात मला घ्यावं म्हणून मास्तरांनी बदली होऊन जाण्याआधी लिहून दिली होती. ती दाखवल्याशिवाय तिथे कोणी उभं करणार नव्हतं. तू म्हणायचीस, नागपुरात भरदिवसा पोरी उचलून नेतात. तू नागपूर पाहिलं नव्हतंस. पुढं माझ्या लग्नासाठी कणगी उपसली तेव्हा ती माझ्याच हाताला लागली, कोपरे किड्यांनी खाल्लेली. तू ती घेतलीस, चुलीत घातलीस आणि म्हणालीस, आता काय करायची.

तर आता ऐक. माझी नात बावीस वर्षांची आहे. इथेच जन्मली, मराठी समजते, बोलते अर्धी. पाणी तपासायचं शिकली आहे. दक्षिण अमेरिकेत बोगोटा म्हणून मोठं शहर आहे, तिथे डोंगरावरच्या वस्त्यांतलं पाणी बाटल्यांत भरून तपासायचं, असलं काम तिनं धरलं. टीव्हीवर त्या शहराचं नाव निघालं की बॉम्ब, नाहीतर माणूस पळवला. लेक म्हणाला, जायचं नाही. ती म्हणाली, मग आजीला बरोबर देतो का? आणि गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस जाऊन आले. नऊवारी, वर लेकाचा कोट.

खोली दिलेल्या बाईनं दारातच माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. पोत काढून मी कनवटीला लावली, वर गाठ. हे तुझंच शिक्षण, बाजाराच्या दिवसाचं. तिथे सकाळी गार, दुपारी पाऊस, आणि गरम चॉकलेटमध्ये चीज बुडवून खातात. कसं खातात देव जाणे. मी दोनदा घेतलं.

तिसऱ्या दिवशी बसची वाट बघत उभ्या होतो. एकानं ब्लेडनं पोरीच्या पिशवीचा पट्टा कापला आणि पळाला. आणि ही कार्टी त्याच्या मागे! मी शिव्या दिल्या, सगळ्या आपल्या भाषेतल्या, तू ऐकल्या असत्यास तर कौतुक केलं असतंस. मक्याच्या भाकरी भाजणाऱ्या बाईनं मला धरून स्टुलावर बसवलं, हातात गरम भाकरी कोंबली. मी ती भाकरी धरून बसले आहे, डोळे रस्त्याच्या वळणाकडे. मग ही येते, गुडघा फुटलेला, पिशवी छातीशी, हसत. ‘आजी, त्यानं आत बघितलं आणि टाकून दिली. ओन्ली वॉटर!’ मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. भाकरीवाली इतकी हसली की तिनं मला दुसरी दिली.

आता पोरीला तिथे दोन वर्षं राहायचं आहे. परवा, शुक्रवारी विमान आहे. गेल्या रविवारी जेवताना लेक तिच्यावर ओरडला, सून रडली, आणि पोरगी माझ्याकडे वळली. ‘आजी, तू बघितलंस ना सगळं? यू टेल देम.’ मी बघितलं होतं. त्या बाईची भाकरी खाल्ली होती. मी म्हटलं, वरण वाढ.

सोमवारी घरात कोणी नसताना तिचा पासपोर्ट मी तांदळाच्या डब्यात घातला.

काल दिवसभर शोधाशोध. लेकानं फ्रीज ओढला, सुनेनं व्हॅक्यूमची पिशवीसुद्धा फाडून पाहिली. ‘आई, तुम्हाला कुठे दिसला का हो?’ मी म्हटलं, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला काय दिसतंय. आणि उठून मीही गाद्या उचलायला लागले. पलंगाखाली वाकले आणि मला घाम फुटला, माय. तुझाच घाम.

आज सकाळी भाताला तांदूळ काढला, त्याच्याबरोबर तो काढला, पदरानं पुसला आणि लेकासुनेसमोर पोरीच्या हातात दिला. म्हटलं, मीच ठेवला होता. आणि तिथे वाईट माणसं आहेत तशा भाकऱ्या देणाऱ्याही आहेत, जाऊ द्या तिला. लेक उठून गाडीत जाऊन बसला. पोरगी माझ्या पायाशी बसली, म्हणाली, ‘बट व्हाय, आजी?’ रागावली असती तर मीही दोन सुनावल्या असत्या. म्हटलं, थांब, लिहून बघते.

लिहून झालं, कारण सापडलं नाही. एवढंच कळतं की तांदळात हात कोपरापर्यंत गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं. गार, शांत. तुलाही वाटलं असेल.

हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाही. पण पोर प्रश्न विचारून बसली आहे. उत्तर तू द्यायचंस. लिहिता येत नाही म्हणून तिकडे बाबांकडून लिहून घेऊ नकोस, ते आपलंच घुसडतील. तुझ्या तोंडानं, तूच सांग.