माझ्या चाली कोण खेळतंय?

३ जानेवारी
ताप. दांडी. रंगाचं दुकान आज माझ्याशिवाय चालेल. नाही चाललं तर उत्तमच, किंमत कळेल.

संकल्प: दादाला या डावात हरवायचं, मग मोठ्या मनाने स्वतः फोन करून माफ करायचं. बाबा गेले तेव्हा त्याने मला फार उशिरा कळवलं. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. मोबाइलवर बुद्धिबळ तेवढं चालू, एका चालीला तीन दिवस मुदत. बोलत नाही म्हणून खेळू नये असं थोडंच आहे!

ॲपमध्ये एक सोय सापडली. तो असा खेळला तर आपण तसं, हे आधीच भरून ठेवता येतं. दादाला तर मी जन्मापासून ओळखतो. तापातच धडाधड भरत गेलो. शेवटी स्क्रीन गरगरली की मी, कळलं नाही. बहुतेक सेव्ह झालं नाही. मरू दे. चॅट मात्र बंद करून टाकला. प्रत्येक चालीवर शेरे मारायची खोड आहे त्याला.

७ जानेवारी
ताप उतरला. ॲप उघडलं तर माझी चाल खेळून झालेली! मी हात लावला नव्हता. बायकोवर संशय. ती म्हणाली, मला घरात हलवायला काय कमी गोष्टी आहेत? तुमच्यापासूनच सुरुवात करीन. पासवर्ड बदलला.

९ जानेवारी
पुन्हा! दादाने उंट हलवला आणि त्याच मिनिटाला माझ्या घोड्याने मरणाच्या दारात उडी घेऊन शह दिला. तेव्हा मी शिडीवर, दोन्ही हातांत डबे, मोबाइल खाली ड्रॉवरमध्ये. घोडा असा उधळून शह द्यायची सवय एकाच माणसाला होती. बाबांना.

१० जानेवारी
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मोबाइल माझ्याकडे राहिलेल्या बाबांच्या जुन्या खुर्चीत ठेवला. उशीवर.

१२ जानेवारी, संध्याकाळ
खुर्ची करकरली. मी स्वयंपाकघरात होतो. धावत आलो, तर चाल झालेली. दादाचा वजीर खलास! भीती वाटते. खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं. बाबा आयुष्यभर दादाचेच. आता उशिरा का होईना, माझ्या बाजूने आले. हळूच विचारलं, बाबा, शेवटी माझी आठवण काढली होतीत का हो? खुर्ची गप्प. वळलो तर बायको दारात. ती काहीच बोलली नाही. ती बोलते तेव्हा बरं असतं.

१४ जानेवारी
दादाने डाव सोडला. जिंकलो! बाबांनी करून दाखवलं. मोबाइल नाचवत बायकोला दाखवला. तिने चष्मा लावला. म्हणाली, अहो, या सगळ्या चाली तीन तारखेला तुम्हीच भरल्यात, इथे दिसतंय. दादा तुम्ही ठरवलंत तसेच खेळत गेले, म्हणून तुमच्या आपोआप पडल्या.

मग तिने चॅट उघडला.

उंटाच्या चालीबरोबर दादाने लिहिलं होतं: तुला उशिरा कळवलं, चुकलं माझं. बाबा शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते. त्याच मिनिटाला माझा शह.

मग: अजून रागावलायस? त्यावर मी वजीर खाल्ला.

शेवटचं: बरं.

मी जेवलो नाही. बायकोने आग्रह केला नाही.

१५ जानेवारी, सकाळ
फोन करायचाच. कालच सगळी तयारी केली. तो चिडला तर हे बोलायचं, रडला तर ते, टोमणा मारला तर निमूट ऐकायचं.

लावला. लगेच उचलला. नुसतं म्हणाला, बोल.

हे मी धरलंच नव्हतं.

विचारलं, जेवलास का?

तो म्हणाला, सकाळचे आठ वाजलेत. त्याचा श्वास ऐकू येत होता, अगदी बाबांसारखा. मग त्याने ठेवून दिला.

पुन्हा लावायचा धीर होत नाही. पण मी माझ्याकडून सुरुवात केली आहे. आता पाळी त्याची.