गळ्यातला यवन राजा

आषाढ शु. ३
इकडचा ताप उतरत नाही. पाय सुजलेत. पापनाशमचे वैद्य येऊन गेले. धाकट्या भावोजींनी गाडी पाठवली म्हणून आले, नाहीतर आम्हांला कोण विचारतो? राज्य खालसा झालं तशी इकडची राजवाड्यातली चाकरी गेली. भावोजी मात्र कलेक्टर कचेरीत, टोपीवाल्यांचे लाडके.

शु. ५
भा. कलेक्टर साहेबाला घेऊन आले. दुखणाईत राहिला बाजूला, मेला माझ्या गळ्याकडे टक लावून! मग कळलं, मंगळसूत्रातलं नाणं. माझ्या आजीकडून आलेलं, वर लांब नाकाचा कुणी राजा. भा. नी साहेबाचं बोलणं सांगितलं: हे यवनांचं, समुद्रापलीकडच्या जुन्या लोकांचं. अठराशे वर्षांमागे त्यांची गलबतं कावेरीच्या मुखाशी येत, मिरी नेत, सोनं देत. त्यांचं राज्य बुडालं, चोळांचंही बुडालं. म्हणजे टोपीवाल्यांचंही बुडेल; ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मिरी त्यांनी खाल्ली, सोनं आमचं. परत मागणारा हा कोण?
मागितलंच. म्हटलं, नवरा जिवंत असता हे उतरत नाही.
भा. साहेबाला काही पुटपुटले. मग मला, "साहेब म्हणतात, थांबू."

शु. ८
भा. रोज बाहेरच्या तिण्णैवरून, ओट्यावरूनच विचारतात, "दादा कसा आहे?" आज म्हटलं, "आहेत अजून. कळवा साहेबाला."

शु. १३
ताप उतरला! तांदळाची कंजी मागून प्यायले. "मिरी घाल चिमूटभर," म्हणाले नि हसले. मी रडले. भा. दारात होते, तोंड एवढंसं झालं.

वद्य १
वैद्य नाहीत. निरोप धाडला. भा. ची गाडी मोकळी नाही म्हणे.

वद्य ३
ताप पुन्हा. भा. च्या पाया पडले. "नाणं द्या, आत्ता गाडी जुंपतो. शिरस्तेदारी हातची जातेय, वहिनी." सख्खा भाऊ! सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या म्हणतात, "दे काढून. एक तर चाललाच. दुसरा तरी वर येऊ दे."
दोघे त्यांच्याच पोटचे.
इकडे कानाशी विचारलं. डोळे मिटूनच, "माझ्यासाठी काढू नको."

वद्य ४
शुद्ध नाही. हळदीच्या दोऱ्यात हळकुंड ओवून जुन्यावरून गळ्यात घातलं. मंगळसूत्र तुटलं की बायका असंच करतात. तुटलेलं नाही माझं. हाताने काढून इकडे काही झालं तर? नाही काढलं नि...
भा. बाहेरून ओरडताहेत, "वहिनी, बैल जुंपलेत. वैद्याकडे जाऊ, की सोडू?"