नाव गळाल्यानंतरचे अकरा दिवस

मी, एडमंड क्रॉक्सबी, राहणार हॉलगार्थ, लिंकनशायर, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार मला कसलाही नाही.

एकोणीस वर्षे मी इथला दंडाधिकारी होतो. राजा कॅथलिक; स्वतःच्या पंथाच्या लोकांना पदे देता यावीत म्हणून त्याने आम्हा सर्व दंडाधिकाऱ्यांना, यात साथ द्याल का, असे तीन प्रश्न विचारले. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." विचार संपण्याआधीच दंडाधिकाऱ्यांच्या नव्या यादीतून माझे नाव गळाले. मला कुणी कळवले नाही. अकरा दिवस मी हुकूम काढत राहिलो, आणि शिपायाला बोकड म्हटल्याबद्दल जॉब हेब्डन या विणकराला तुरुंगात धाडले. अधिकार नसताना माणूस कोंडला, हा आता माझा गुन्हा. सोमवारी मला न्यायला येणार आहेत.

घर, बाग व दोन्ही गायी पत्नी ज्युडिथ हिला. तिने रडू नये. रडलीच तर माझ्या जागी आलेल्या राल्फ लडलमसमोर नको.

माझी न्यायाची खुर्ची त्याच लडलमला. यादी आठवडाभर त्याच्या खिशात होती आणि त्याच आठवड्यात तो दोनदा माझ्याकडे जेवून गेला. खुर्चीचा मागचा पाय ढिला आहे, हे त्याला कुणी सांगू नये.

माझे सगळे लोकरी कपडे तुरुंगातल्या लोकांना. इतकी वर्षे तिथे माणसे पाठवली, आत एकदाही डोकावलो नाही. तिथे तापाने माणसे मरतात, एवढे कागदावर वाचले होते. मला मरायची फार भीती वाटते. ज्युडिथपाशी हे बोलवत नाही, म्हणून इथे लिहितो.

मृत्युपत्राने जमीन द्यायची तर तीन साक्षीदार लागतात. शेजारी दारे लावून बसले. पाद्रीबाबा आले, सुईण आली. तिसरा हेब्डन, आपणहून. माझा हुकूम रद्द ठरल्याने तो परवाच सुटला.

"तू कशाला आलास बाबा?"

"सही करायला. बोकडाला मी बोकडच म्हणणार, साहेब, ते सोडा. ऐका, डाव्या भिंतीशी झोपू नका, पाणी झिरपतं. पाव शर्टाच्या आत ठेवा, नाहीतर उंदीर पळवतात." मग त्याने पायांतले मोजे काढून टेबलावर ठेवले. "घ्या. जाड आहेत."

दुरुस्ती: वरील लोकरी कपड्यांतून मोज्यांची एक जोडी वगळावी. ती माझी नाही. मी परत आलो नाही, तर ती जॉबला पोचवावी.

हॉलगार्थ, ११ मे १६८८
एडमंड क्रॉक्सबी

आमच्यासमक्ष सही केली:
मॅथ्यू थोरोल्ड, पाद्री
ॲग्नेस पेल, सुईण
जॉब हेब्डन, विणकर (फुलीची खूण)